आळसावरचे अकरा उपाय आणि एक दांडा

आळस घालवायचा असेल तर माझ्याकडे या! माझ्याकडे अकरा उपाय आहेत आणि अकराच्या अकरा मी स्वतःवर करून बघितलेत. शिवाय मी कारखान्याच्या नियोजन विभागात आहे. कोणतं यंत्र कधी उघडायचं, कधी तेल द्यायचं, कुणी किती वाजता हजर राहायचं, सगळं माझ्या तक्त्यावर ठरतं. एकशे चाळीस यंत्रं आहेत! त्यातल्या एकाचाही स्क्रू मी आजवर फिरवलेला नाही. बायको याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणते. तिला नियोजनातलं कळत नाही.

प्रश्न होता एका दांड्याचा. स्टीलचा, दीड फुटाचा, बाथरूमच्या भिंतीला आधाराला लावायचा. दोन महिन्यांपूर्वी अण्णा, म्हणजे माझे वडील, आंघोळीला जाताना घसरले. वय अठ्ठ्याहत्तर. थोडक्यात निभावलं. दुसऱ्याच दिवशी ताई दांडा घेऊन हजर! सोबत चार स्क्रूसुद्धा.

"पंधरा दिवस देते तुला," ताई म्हणाली. "तोवर हा भिंतीला दिसला नाही, तर अण्णांना मी माझ्याकडे नेणार. कायमचं!"

"अगं, पंधरा दिवस कशाला? रविवारी लावतो!"

"कुठल्या?" ताईनं विचारलं.

अण्णा खुर्चीत बसून ऐकत होते. ते पस्तीस वर्षं फिटर होते. हात थरथरायला लागले नसते, तर ताईची चप्पल पायात जायच्या आत त्यांनी दांडा ठोकला असता. त्यांना हे घर सोडायचं नव्हतं. आणि मलाही ते जायला नको होते, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटणार नाही. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की ते विचारतात, "आज काय बिघडलं?" मी सांगतो. ते मान हलवतात आणि बसल्या जागी यंत्र दुरुस्त करतात. दिवसभरात माझं कुणी नीट ऐकतं ते तेवढंच.

तर लागलो कामाला! पहिला उपाय, तक्ता. त्यासाठी चार रंगांची पेनं आणली. दुसरा उपाय, कामाचे छोटे तुकडे करणं. 'ड्रिल मशीन माळ्यावरून काढणे' हा एक तुकडा, 'ड्रिल मशीनवरची धूळ पुसणे' हा दुसरा. असे एकोणीस तुकडे झाले आणि तक्ता बाथरूमच्या दारावर मावेना. तिसरा उपाय, बक्षीस. काम झालं की दुपारी झोप! बक्षीस आधी घेतलं तर हुरूप येतो असं वाटलं, म्हणून आधी घेतलं. उठलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

चौथा उपाय होता लाज. खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांना म्हटलं, "मास्तर, रोज सकाळी जिन्यात मला विचारायचं, दांडा लावला का?" मास्तरांनी आयुष्यभर हेच केलेलं! एक दिवस चुकवला नाही त्यांनी. चौथ्या दिवसापासून मी त्यांना टाळायला वीस मिनिटं लवकर घराबाहेर पडू लागलो. आळशी माणूस वीस मिनिटं लवकर उठू लागला, हा उपायाचा गुणच म्हणायचा.

"अहो, या तक्त्याला जेवढे खिळे ठोकलेत ना," बायको म्हणाली, "तेवढ्यात दांडा लागला असता!"

असं करत चौदावा दिवस उजाडला आणि अकरावा उपाय सुचला. हा माझा सर्वांत जालीम! काम झालंच आहे असं लोकांना सांगून मोकळं व्हायचं. मग उघडं पडायच्या भीतीनं माणूस झक मारत काम करतो! मी संध्याकाळी ताईला फोन लावला. "ताई, लागला गं दांडा!"

"खरंच?" तिचा आवाज एकदम मऊ झाला. "उद्या सकाळी येतेच बघायला. मला वाटलं होतं, तू काही..."

माझ्या पाचावर धारण बसली. उपाय लागू पडला होता! सकाळी सहाला उठायचं ठरवलं. उठलो साडेसातला, तेही आवाजानं. आधी काहीतरी मोडल्यासारखं झालं आणि मग पाण्याचा धो धो आवाज.

"अहो! केलंत एकदाचं सुरू!" स्वयंपाकघरातून बायको आनंदानं ओरडली. "फुटू दे पाइप, फुटू दे! हात तरी लावलात!"

मी बाथरूमकडे धावलो. अण्णा पंचा गुंडाळून ओल्या फरशीवर बसले होते. एका हातात गीझरचा पाइप, तो मुळापासून उपटलेला! डोक्यावर कारंजं उडत होतं.

"अण्णा! लागलं का?"

"मनगट दुखावलंय जरासं. दांडा कुठाय?"

"कुठला दांडा?"

"ताईचा फोन आला होता मघाशी. म्हणाली, दांडा लागलाय, धरून जात जा. चष्मा काढला की मला काही दिसत नाही. चाचपलं, हाताला हे आलं." अण्णांनी पाइप खाली ठेवला. "मी झोपलो असताना लावलास, आवाजसुद्धा होऊ दिला नाहीस, असं वाटलं मला. बरं वाटलं होतं."

मला त्या पाण्याबरोबर मोरीतून वाहून जावंसं वाटलं. पण आधी गच्चीवरचा कॉक बंद करायला हवा होता. तो गंजून घट्ट बसलेला! 'कॉकला तेल देणे', तक्त्यावर तुकडा क्रमांक सात. बायकोनं अण्णांना बाहेर खुर्चीवर बसवलं, तोवर मी वर कॉकशी कुस्ती खेळत होतो. कसाबसा फिरवून खाली आलो, तर दारात मास्तर! छत्री उघडून! त्यांच्या बाथरूमच्या छतातून धार लागली होती.

"असू द्या, असू द्या!" मास्तरांनी माझा ओला हात धरून हलवला. "भोक पाडताना पाइप फुटायचाच. काम केलंत, हे महत्त्वाचं! शाब्बास!"

आणि मी मान डोलावली! खोटं सांगत नाही, त्या भिजलेल्या अवस्थेत मी 'शाब्बास' घेतली आणि खिशात टाकली. मास्तरांच्या मागेच ताई उभी होती. तिनं अण्णांचं सुजलेलं मनगट पाहिलं, मग आत जाऊन कोरी भिंत पाहिली. शंख केला असता तर परवडलं असतं. ती सरळ अण्णांच्या खोलीत जाऊन त्यांची बॅग भरू लागली.

प्लंबर आला. त्याचा पाइप जोडून होतोय तोवर अण्णांनी मला आत हाक मारली. "इथं उभा राहा. ताठ. आता कोपर वाकव." त्यांनी चष्मा चढवून डाव्या हातानं भिंतीवर पेन्सिलची रेघ मारली. थरथरत होता हात, पण रेघ सरळ. प्लंबरनं तिथं ड्रिल लावलं, चार भोकं पाडली, दांडा बसवला आणि त्याला लोंबकळून दाखवलं. मी घड्याळ बघितलं. बारा मिनिटं!

"ताई!" मी धावत बाहेर आलो. "लागला! आजच पंधरावा दिवस! आता अण्णा कुठं जायचे नाहीत!"

बैल गेला नि झोपा केला, असं बायको पुटपुटली. मी लक्ष दिलं नाही. "अण्णा, धरून बघा ना!"

अण्णांनी हात उचलला. ते आता वाकलेत. आधीच बुटके, मी आईच्या वळणावर उंच. दांडा त्यांच्या जवळजवळ खांद्यापर्यंत आला.

"अहो आजोबा, हा उंच झाला तुम्हाला," प्लंबर म्हणाला. "मी म्हटलं होतं ना मघाशी?"

"बरोबर आहे तो," अण्णा म्हणाले. "माझ्या मापाचा ताईनं तिच्याकडे लावलाय. इथं आणून दिला त्याच दिवशी."

"मग हा?" मी विचारलं.

"हा तुझा." त्यांनी चष्मा नीट केला आणि माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुला लागेल पुढे. तेव्हा तू लावून घेणार नाहीस."

ताईनं बॅग उचलली. मी पुढे झालो, म्हटलं, बॅग मी घेतो. तोवर ती जिना उतरलीसुद्धा.

या गोष्टीला सात आठवडे झाले. दांडा पक्का आहे. मी रोज आंघोळीला जाताना धरून बघतो. माझ्या कोपराला अगदी बरोबर येतो, सुताइतकाही फरक नाही. संध्याकाळी घरी आलो की आज काय बिघडलं ते कुणी विचारत नाही. काल बायको म्हणाली, "अहो, अण्णांना एक फोन तरी करा." करणार आहे ना! तक्त्यावर लिहिलंय, लाल पेनानं.

रविवारी.