सदा परबचा कान

परळच्या एका बाईंनी एकदा आमच्या रेडिओवर गाण्याची फर्माईश करायला फोन लावला. नाव सांगून झालं, कुठून बोलतेय ते सांगून झालं, आता गाणं सांगणार इतक्यात सदा परब म्हणाला, "ताई, तिसरी शिट्टी झाली. डाळ लावली असेल तर गॅस बंद करा. छोले असतील तर बोलू निवांत."

 पलीकडे सपाता वाजवत कोणीतरी पळाल्याचा आवाज. बाई परत आल्या तेव्हा त्यांना गाणंच आठवेना.

मी सदाची प्रोड्युसर. सकाळी सात ते अकरा 'सकाळी सदा' चालू असतं, तेव्हा काचेपलीकडे बसून फोन जोडून द्यायचे, जाहिराती वेळेवर लावायच्या आणि सदा भरकटला की हातवारे करायचे, हे माझं काम. गेली नऊ वर्षं मी हातवारे करतेय आणि त्याने एकदाही पाहिलेले नाहीत. तो डोळे मिटून बोलतो. डोळे उघडे असले की ऐकू कमी येतं, असं त्याचं शास्त्र आहे.

आमचं आडनाव पेंडसे, राहणं दादरला. सदा लालबागचा. पहिल्याच दिवशी त्याने मला 'पेंडशीणबाय' करून टाकलं. मी जरा तोऱ्यात सांगितलं की मला मीनल म्हणतात. तो म्हणाला, "मीनल म्हणताना तुझा आवाज वर जातो. स्वतःचं नाव आवडत नाही तुला." हे मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. पेंडशीणबाय कायम झाली.

त्याचे वडील गिरणीत विणकर होते. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून घरात सगळे ओरडूनच बोलत. एका खोलीत सहा माणसं, सगळी वरच्या पट्टीत. त्यात न ओरडणारा सदा एकटा. बोलायला जागाच नव्हती, म्हणून ऐकत बसलो, असं तो सांगतो.

माईक त्याच्या हातात पहिल्यांदा आला तो गणपतीत, मंडपाबाहेर हरवलेल्या माणसांची नावं पुकारायला. एकदा एक म्हातारी आजी हरवून आली. घाबरून पत्ताच विसरली होती. सदाने तिला पाणी दिलं, दोन-चार वाक्यं बोलायला लावली आणि माईकवर सांगितलं की मालवणकडच्या एक आजी इथे आहेत, रुळांच्या अगदी जवळ राहतात, घरच्यांनी यावं. पाऊण तासात मुलगा हजर. घर वडाळ्याला, आणि खिडकीखाली रूळ. मंडळातले लोक सदाच्या पाया पडायचे बाकी राहिले. सदाचं म्हणणं एवढंच, की आजी दर दोन वाक्यांनंतर थांबत होत्या, गाडी जाऊ द्यावी तशा.

त्या गर्दीत आमच्या रेडिओचे तेव्हाचे साहेब होते. त्यांनी त्याला दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं. बाकी कारकीर्द म्हणजे, त्याच्या शब्दांत, "एका मंडपातनं दुसऱ्या मंडपात."

आता त्याचे फोटो बसवर असतात. फोटोत तो पाठमोरा आहे, कारण त्याने वळायला नकार दिला. मध्यंतरी नव्या साहेबांनी स्टुडिओत कॅमेरा बसवला, मोबाइलवर व्हिडिओ टाकायचे म्हणून. सदाने शांतपणे त्याच्यावर आपला नॅपकिन वाळत घातला. आठवडाभर व्हिडिओत नॅपकिनच दिसत होता. त्यालाही लोकांनी पसंती दिली.

फोन उचलला की तो म्हणतो, "बोल, कान मोकळे आहेत." ऐंशीच्या आजोबांपासून कॉलेजच्या पोरींपर्यंत सगळ्यांना हेच. आणि लोक बोलतात. गाणं मागायला आलेली माणसं नोकरी सुटल्याचं सांगतात. तो सल्ला देत नाही. 'हं' म्हणतो. त्या 'हं'चे किती प्रकार आहेत ते मी मोजायचा प्रयत्न केला होता, मग सोडून दिला.

रोज फोन करणाऱ्यांत प्रभादेवीच्या निमकर काकू होत्या. एकट्या राहायच्या, महापालिकेच्या कचेरीतून निवृत्त. सदा रोज घालतो त्या कोड्याचं उत्तर द्यायचं आणि त्याच्या मराठीतल्या दोन चुका काढायच्या, हा त्यांचा नेम. वर्षापूर्वी त्यांना आमच्याकडून बक्षिसात डब्यांचा संच मिळाला होता, तेवढ्यावरून त्यांचा पत्ता माझ्या वहीत होता.

त्या सोमवारीही काकूंचा फोन आला. मी जोडून दिला. कोडं फारच सोपं होतं, असं त्या म्हणाल्या. मला काही वावगं वाटलं नाही. सदाने मात्र डोळे उघडले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"काकू," तो म्हणाला, "सासूबाई म्हणा बघू."

काचेअलीकडे आम्ही हसलो. काकूही हसल्या असाव्यात. मग त्या जे बोलल्या त्यात 'स' नव्हता, नुसतं काहीतरी घसरत गेल्यासारखं होतं.

"बरं. आता फोन दुसऱ्या हातात घ्या."

फोन पडल्याचा आवाज आला.

सदाने माझ्याकडे बघून पत्ता लिहिल्याची खूण केली. मी वही काचेला लावली आणि अँब्युलन्सला फोन केला. जाहिरातींची वेळ झाली होती. साहेब दारात येऊन उभे राहिले, पण सदाने एकही जाहिरात जाऊ दिली नाही. कधी न ऐकलेल्या संथ आवाजात तो म्हणाला, "प्रभादेवीला कुंदा निवासमध्ये, तिसऱ्या मजल्यावर आमच्या निमकर काकू आहेत. त्यांना बरं नाही. आसपास कोणी ऐकत असेल तर वर जा. बाकी मुंबईने जरा गप्प बसावं."

त्यानंतर ना गाणं, ना बोलणं. रेडिओवर तीन मिनिटं शांतता म्हणजे आमच्या धंद्यात मरण. अधूनमधून सदा फक्त म्हणायचा, "काकू, मी आहे." मी हातवारे करायचं विसरून त्याच्याकडे बघत राहिले होते.

मग फोनमधून कुलूप उघडल्याचं अगदी बारीक ऐकू आलं. शेजारच्या सावंतवहिनींकडे काकूंची किल्ली असायची. त्या भाजी चिरता चिरता रेडिओ ऐकत होत्या.

"चौघं आली," सदा म्हणाला. "एक अनवाणी." आणि त्याने गाणं लावलं.

काकू वाचल्या. अर्धांगाचा झटका होता, वेळेत हॉस्पिटलात पोचल्या. पेपरवाले आले, तेव्हा सदा मागच्या जिन्याने निघून गेला. साहेबांनी सत्कार ठरवला, त्या दिवशी तो रजेवर. मग लक्षात आलं की दर गुरुवारी कार्यक्रम संपला की तो नाहीसा होतो. इस्त्रीचा शर्ट घालून येतो. ऑफिसात पैज लागली की चाळिशी उलटल्यावर सदाचं जमलं. छडा लावायचं काम माझ्यावर आलं. मी सरळ विचारलं. तो म्हणाला, "चल."

गेलो ते प्रभादेवीला, कुंदा निवासमध्ये. काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, तोंड अजून एका बाजूला किंचित ओढलेलं. डॉक्टरांनी रोज बोलायचा सराव सांगितला होता. सदा समोर स्टुलावर बसला. काकू एकेक शब्द जुळवत होत्या. एका वाक्याला कधी पाच मिनिटं लागायची. मध्येच शब्द अडकला की मला तो पुढे करावासा वाटे, तोंडात आलेलाही असे. सदाने एकही शब्द पुरवला नाही. डोळे मिटून, गुडघ्यांवर हात ठेवून तो बसून राहिला. तासाभरात काकूंनी मला कुठली, नवरा काय करतो, एवढं विचारलं आणि सदाच्या बोलण्यातली एक चूक काढली. त्याचा चेहरा असा फुलला की मी नजर दुसरीकडे वळवली.

जिना उतरताना मी विचारलं, एका 'स'वरून त्याला कसं कळलं. मला वाटलं, त्याचं काहीतरी शास्त्र ऐकायला मिळेल.

तो दुसऱ्या मजल्यावर थांबला.

"आईचा फोन आला होता," तो म्हणाला. "मी नवीन होतो. कार्यक्रम सुरू व्हायचा होता. तिचे शब्द असेच घसरत होते. मी म्हटलं, आये, आधी कवळी लाव, मग बोल. हसलोसुद्धा." कठड्यावरून त्याने हात फिरवला. "काहीतरी सांगत होती. मी फोन ठेवला. परत बोलली नाही ती."

 खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते. तो मात्र मान वर करून जिन्याकडे बघत होता.

"तू हो पुढे, पेंडशीणबाय," तो म्हणाला. "निघताना काकू काहीतरी म्हणायला लागल्या होत्या आणि आपण उठलो. ऐकून येतो."

आणि तो दोन-दोन पायऱ्या घेत वर गेला.