इन्स्पेक्टरचा जीव आणि डावी दाढ

साक्षात आपले लाडके लेखक समोरच्या खुर्चीत आ वासून पडलेले बघून दातांच्या डॉक्टरांनीही आ वासला. एकतीस वर्षं ते या गृहस्थांच्या रहस्यकथा वाचत आले होते. आणि लेखकांनी गेल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं, की पुढच्या कादंबरीत त्यांचा नायक, इन्स्पेक्टर, मरणार. तेव्हापासून डॉक्टरांना जेवण गोड लागत नव्हतं.

"सर, त्याला मारू नका हो," इंजेक्शन देता देता डॉक्टरांनी विषय काढला. "मी नापास झालो तेव्हा घरात कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. तुमचा इन्स्पेक्टर तेवढा सोबतीला होता. तो चुकायचा, साहेबाची बोलणी खायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर. त्याच्याकडे बघून मी परत परीक्षेला बसलो."

"आं... आंआं," लेखक हातवारे करत म्हणाले.

"तेच म्हणतोय मी," डॉक्टर म्हणाले.

लेखक वेगळंच म्हणत होते. दुखत होती डावी दाढ आणि बोलण्याच्या नादात डॉक्टरांनी उजवी बाजू बधिर करून ठेवली होती. सिस्टरांनी हे डॉक्टरांच्या कानाशी येऊन सांगितलं. मग डावीकडेही इंजेक्शन देणं आलं. आता लेखकांचे दोन्ही गाल, ओठ आणि जीभ, सगळेच रजेवर गेले.

लेखकांनी खुणेने कागद मागितला आणि लिहिलं, 'पाच वाजता वाचनालयात माझं भाषण आहे.'

"काही काळजी करू नका, मी आहे ना," डॉक्टर म्हणाले. "फक्त एवढं सांगा, इन्स्पेक्टर जगणार ना?"

हे विचारताना हातातलं ड्रिल फिरतंय, याचं त्यांना भान नव्हतं. लेखकांना होतं. त्यांनी जोरजोरात मान डोलावली. डॉक्टरांचे डोळे भरून आले.

पाच वाजता लेखकांच्या वतीने डॉक्टर बोलायला उभे राहिले ते दीड तास खाली बसले नाहीत. एकेक कादंबरी त्यांनी उलगडून सांगितली आणि शेवटी जाहीर करून टाकलं, "इन्स्पेक्टर मरत नाही. सरांनी आजच मला शब्द दिलाय." सभागृह टाळ्यांनी दणाणलं. लेखक गालाला रुमाल लावून बघत राहिले. आता माघार घ्यायची सोय उरली नव्हती.

आठ महिन्यांनी कादंबरी आली. इन्स्पेक्टर ठणठणीत होता. खुनी निघाला एक दातांचा डॉक्टर, अखंड बडबडणारा आणि डावं-उजवं न कळणारा. सिस्टरांनी त्याला चौथ्या पानावरच ओळखलं. डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवून एका बैठकीत पुस्तक संपवलं.

"वाईट वाटलं असेल ना, डॉक्टर?" दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी चाचरत विचारलं.

"वाटणारच. इतका बोलका, प्रेमळ माणूस," डॉक्टर म्हणाले. "शेवटच्या पानापर्यंत मला त्याची शंकासुद्धा आली नाही. एकतीस वर्षांत सरांनी मला एकदाही खुनी ओळखू दिलेला नाही, सिस्टर. उगाच नाही मी त्यांच्यावर जीव टाकत."