भिंतीवरची काच

हर्डीकर आमच्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी नमस्कार केला तो भिंतीला. म्हणजे मला तसं वाटलं. दोन्ही तळवे टेकवून ते हॉलच्या भिंतीसमोर उभे होते. मग वळून म्हणाले, "तुमच्याकडे भेग आहे." एखाद्याच्या घरी लग्नाचं स्थळ आहे असं सांगावं, तसा सूर.

हर्डीकर आमचे इंदिरानगरमधले शेजारी. त्यांचा आणि आमचा फ्लॅट यांच्यामध्ये हीच एक भिंत. एका सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी उभी हयात विमानाच्या पत्र्याला तडा कसा जाईल, हे कॉम्प्युटरवर बघण्यात घालवली. पत्रा खरा मोडायचा नाही. पडद्यावर त्याचे बारीक त्रिकोण करायचे, ताण द्यायचा आणि भेग कुठून कुठे जाते ते पाहायचं. निवृत्त झाल्यावर विमानं सुटली, भेगा सुटल्या नाहीत.

"भेग आळशी असते," ते सांगत. "जिथं कमी कष्ट, तिथूनच जाते. तिचं पोट बघून काय करता? टोक बघा, टोक!"

आमची प्लॅस्टिकची बादली काठापासून खाली चिरली, तेव्हा त्यांनी टोक बघितलं आणि तिथे ड्रिलनं गोल भोक पाडलं. टोक बोथट झालं की भेग थांबते म्हणे.

"आता ही फाटणार नाही," ते म्हणाले.

"पण भरणारही नाही की, अण्णा," माझी बायको सुमा म्हणाली. ती जुन्या चामराजपेटची, बोलण्यात कानडी मिसळणारी. तिच्याकडे वडीलधारा माणूस आपोआप अण्णा होतो. "कावेरीचं पाणी स्वल्पच येतं, त्यात ही अर्धी बादली!"

"ते पाण्याचं खातं तुमचं. मी भेगेपुरतं बोलतोय."

मग त्यांनी आमची भिंत कॉम्प्युटरात घातली. त्यासाठी भिंतीवरच्या प्रत्येक वस्तूचं वजन हवं होतं. सुमानं सासऱ्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो हारासकट काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. पडद्यावर आमची भिंत त्रिकोणांची जाळी होऊन उभी राहिली. कॉम्प्युटर म्हणाला, भेग स्विचबोर्डापाशी थांबेल. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर हर्डीकरांनी ते उत्तर पुसून टाकलं.

"का हो?"

"कोपऱ्यातला एक त्रिकोण वाकडा होता. एक त्रिकोण वाकडा, की सगळं उत्तर रद्दी."

मी ऑडिटमधला माणूस. त्या दिवशी मला हा गृहस्थ मनापासून आवडला.

सगळं नव्यानं केलं, तरी उत्तर तेच आलं. तरीही खात्री हवी म्हणून त्यांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली. भेग हलली, तर काच तडकेल. "आणि ताणानं तडकली तर सरळ रेषेत. धक्का लागून फुटली तर चांदणीसारखी. म्हणजे फसवणुकीला वाव नाही," असं त्यांनी मला बजावलं. जणू मी काच फोडण्याच्या बेतातच होतो.

तेव्हापासून ते रोज संध्याकाळी काच बघायला येऊ लागले. बॅटरी, भिंग, मग निरीक्षणाच्या ओघात चहा. "तुमच्या बाजूनं नाही का दिसत?" मी एकदा विचारलं.

"तिकडे मालतीचं कपाट आहे. ते हलवत नाही."

मालतीवहिनींना जाऊन बरेच दिवस झाले होते. मी म्हटलं, "मग नुसतेच येत जा की, गप्पा मारायला."

"नुसतं येऊन काय करणार?" त्यांना खरोखरच कळेना. "बघायचं काय?"

पुढे मुलीचा साखरपुडा ठरला आणि सुमाला हॉल रंगवायची घाई झाली. हर्डीकर शनिवारी बराच वेळ काचेशी उभे राहिले. "भेग थांबलीय," ते म्हणाले. "उद्या काच काढतो. लावा रंग." चहा मात्र त्यांनी फार सावकाश प्यायला. जाताना भिंग आमच्या टेबलावर विसरले. ते कधीच काही विसरत नसत.

रविवारी मंजुनाथ पेंटर सकाळीच आला आणि त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे शिडी भिंतीवर आपटली. काच फुटली. तेवढ्यात हर्डीकर हातात पटाशी घेऊन दारात.

"लॅडर तागितु, सार," मंजुनाथनं कबूल केलं.

"शिडी लागली हो," मीही सांगितलं.

हर्डीकरांनी टेबलावरचं भिंग उचलून डोळ्याला लावलं. काच चांदणीसारखी फुटली होती. मला ते भिंगाशिवायही दिसत होतं. ते बघत राहिले. मग आमच्याकडे न पाहता म्हणाले, "ताण दिसतोय. भिंत अजून स्वस्थ नाही. पुन्हा बघावं लागेल."

मी तोंड उघडलं. पुरावा समोर होता, साक्षीदार शिडीवर होता. पण माझ्याआधी सुमा बोलली.

"मंजुनाथ, आ गोडे बिडप्पा. ती भिंत राहू दे." मग हर्डीकरांना म्हणाली, "अण्णा, नवी काच लावा. साखरपुड्याला तिथं पडदा सोडू. आणि त्या दिवशी सकाळपासूनच या. गर्दीनं भिंत हलली, तर बघायला कोणी तरी हवं."

"हवंच," हर्डीकर म्हणाले. "गर्दीत तर हवंच."

ते घरून काचेची नवी पट्टी घेऊन आले. मी स्टूल दिलं आणि बॅटरी धरली.

"हात हलवू नका," ते म्हणाले. "टोक बघा, टोक!"

मी टोक बघत राहिलो. ते होतं तिथंच होतं.