नारळाच्या जागी टायटॅनियम

मनुष्य नश्वर आहे. कॅमेऱ्याची बॉडी मात्र धातूची असते. म्हणूनच आमच्या जळगाव-धुळे लग्न छायाचित्रकार संघाने कोणता धातू किती टिकतो हे तपासायला उपसमिती नेमली. (मी अध्यक्ष. दुसरं कोणी तयार नव्हतं.) प्रयोगशाळेत म्हणे कॅमेरा टेबलावरून पाडून बघतात. आमच्या लग्नांत तेवढ्याला कोणी पडणं म्हणत नाही.

चाचणीसाठी धुळ्याजवळच्या प्रेमराज आबांच्या मुलीचं, पुनमचं लग्न निवडलं. फोटोचं काम आमच्याच भूपेंद्रकडे होतं. चार धातू, चार कॅमेरे आणि आठशे पाहुणे. विज्ञानाला आणखी काय हवं?

पितळी बॉडीने नवरदेवाच्या स्वागताचे नारळ फोडले. ॲल्युमिनियमची डीजेच्या जनरेटरखाली टेकू म्हणून सरकवली. जनरेटर प्रथमच सरळ उभा राहिला. मॅग्नेशियमकडे भरताची वांगी ठेचायचं काम आलं. (भरीत झकास झालं. लेन्समध्ये मिरच्यांचं बी सापडलं, पण लेन्स उपसमितीच्या अखत्यारीत नव्हती.)

दरम्यान पुनम सारखी भूपेंद्रला अडवत होती. तिला आईबरोबरचा एकच फोटो हवा होता. तिची आई भिकुबाई जन्मात कधी फोटोपुरतीही थांबलेली नाही, कायम चुलीपाशी.

"भाऊ, मनी मायनासंगे एक फोटो काढी द्या ना."

"थांब बहीण, कॅमेरा भरीतमा शे," भूपेंद्र म्हणाला. हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या अचूक होतं.

"मना फोटोनं काय करशी? बठ्ठा लोके भुक्या शेतस," म्हणत भिकुबाई सगळ्यांच्या भुकेच्या काळजीने पातेल्याकडे वळली.

उरला टायटॅनियम. पाठवणीच्या गाडीच्या चाकाखाली नारळ ठेवायची आपली रीत. आम्ही त्या जागी कॅमेरा ठेवला. नेमकी तेव्हाच भिकुबाई हात पुसत धावत आली आणि लेकीच्या गळ्यात पडली. दोघी रडता रडता हसल्या, आणि कितीतरी वेळ जागच्या हलल्याच नाहीत. इतकी वर्षं लग्नांचे फोटो काढतोय, असं काही मी पाहिलं नव्हतं. मला भरून आलं. पण उपसमिती चाकाशी ओणवी बसली होती, म्हणून मीही बसलो. मग पुनम गाडीत बसली, आणि गाडी गेली.

अहवालाची बातमी फुटल्यापासून संघाचा फोन थांबत नाही. भुसावळपासून सुरतेपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न: टिकलं काय? त्या मायलेकींचा फोटो कोणी घेतला का, असं एकानेही विचारलेलं नाही. पुनमचा फोन आम्ही उचलत नाही.

तुम्हीही एवढ्याचसाठी इथवर वाचत आलात ना? टायटॅनियम टिकला. झालं समाधान?