रज्जाकभाईंचा पाहुणा

मे महिन्यात भर दुपारी पांढरकवड्याच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. त्या उन्हात अंगात दोन स्वेटर, गळ्यात मफलर आणि डोक्याला लोकरीची माकडटोपी घातलेला माणूस सायकलवरून जाताना दिसला, तर बाहेरगावच्याला वाटायचं, याला हिवताप भरलाय. गावातले लोक मात्र मान वर न करता म्हणायचे, "रज्जाकभाई ड्युटीवर चालले."

ड्युटी बर्फावर होती. गावाबाहेर हैदराबाद रस्त्याला नागपूरच्या एका ठेकेदाराने पाण्याच्या घसरगुंड्यांचं उद्यान काढलं होतं. पुढे त्याला बर्फाच्या मैदानाची हौस आली. त्याने मोठी पत्र्याची शेड उभारली, तिला आतून थर्माकोल लावला आणि खाली पाइपांचं जाळं अंथरलं. यंत्राने गार केलेलं मीठपाणी त्या पाइपांतून फिरायचं आणि वर बर्फाचा थर धरायचा. खाली पाइप दिसू नयेत म्हणून बर्फाच्या पोटात पांढरा रंग दिलेला होता. लोक पाती लावलेले बूट घालून त्यावर घसरायचे, म्हणजे मुख्यतः पडायचे. मी तिथे मॅनेजर होतो. तिकिटं, चाव्या आणि भांडणं माझ्याकडे, बर्फ रज्जाकभाईंकडे. त्याआधी त्यांची सगळी उमर वणीच्या बर्फाच्या कारखान्यात गेली होती.

"रज्जाकभाई, बाहेर आग पडून राह्यली. आता तरी टोपी काढा," मी म्हणायचो.

"भाऊ, थंडी मांजरीवानी असते. एकदा घरात घुसली का हाकलून जात नाही."

ती टोपी काढलेली कोणी पाहिली नव्हती. आत केस आहेत की टक्कल, यावर फाटकाबाहेरच्या टपरीवर चहाच्या पैजा लागत. निकाल कधीच लागला नाही.

बर्फाला ते बर्फ म्हणत नसत, 'पाहुणा' म्हणत. "हा आपल्या मुलखातला नाही, भाऊ. आपला मुलूख कापसाचा अन् उन्हाचा. हा आला आपल्या भरोशावर. पाहुण्याले जपा लागते." पाहुण्याला वारा लागू नये म्हणून दारावर प्लास्टिकचे जाड पडदे होते. ते उघडे ठेवून कोणी बोलत उभं राहिलं, की आतून आवाज यायचा, "दार लावा! पाहुण्याले घाम फुटून राह्यला!" लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत ते बर्फाशेजारी उकिडवे बसून त्याची समजूत घालत, "आली, आली. आत्ताच येते."

पोरं घसरून गेली की बर्फावर ओरखडे पडत. मग रज्जाकभाई आधी एका रुंद पात्याने वरचा चुरा खरवडून काढत आणि मग आपली गाडी फिरवत. गाडी म्हणजे चाकांवर बसवलेला ड्रम, त्यातून झिरपणारं पाणी आणि मागे फरपटत येणारा मांजरपाटाचा ओला तुकडा. पाणी कढत लागायचं. एकदा मालक नेमके त्या वेळी आत आले. वाफ पाहून त्यांचा जीवच गेला.

"अरे, काय करून राह्यला? बर्फावर गरम पाणी? वितळवतो का सगळा?"

"साहेब," गाडी न थांबवता रज्जाकभाई म्हणाले, "पाहुण्याचे पाय गरम पाण्यानंच धुतात."

गरम पाण्याने वरचे ओरखडे विरघळतात आणि बर्फ पुन्हा काचेसारखा बसतो. ही युक्ती खरं तर यंत्र बसवायला आलेल्या मिस्त्रीची. तेव्हा रज्जाकभाई त्याला पागल म्हणून त्याच्याशी कडकडून भांडले होते. पण नंतर ती आपली म्हणून सांगताना त्यांना काडीचाही संकोच वाटत नसे.

कोणी पडलं की ते "लागलं का? लागलं का?" करत धावत. नव्या माणसाला बरं वाटायचं. एकदा जिनिंगवाले एक वजनदार शेठ धाडकन पडले. रज्जाकभाई धावले. शेठने मोठ्या आशेने हात वर केला. रज्जाकभाई त्या हाताला वळसा घालून पलीकडे गेले, वाकले आणि बर्फावरून हात फिरवत म्हणाले, "अरारारा! केवढा टवका उडाला!" शेठला उठवायला मला जावं लागलं.

असा हा माणूस आयुष्यात एकदाच नमला, तो माझ्या बायकोसमोर.

सुमन तेव्हा साठीला आली होती. रज्जाकभाई चहाला घरी येत आणि ती त्यांची फिरकी घेई. "तुमच्या पाहुण्याले एकदा घरी तर आणा. पाहू तरी, कसा दिसते."

"तो कुठं जात नाही, वहिनी. तुमीच या."

ती आली खरी, पण बूट घालायला तयार नव्हती. रज्जाकभाईंनी एक प्लास्टिकची खुर्ची आणली, बर्फावर चरा पडू नये म्हणून तिच्या चारही पायांना फडकी बांधली, सुमनला बसवलं आणि खुर्ची ढकलत सबंध मैदानाला एक फेरी मारली. पदर तोंडावर धरून सुमन मुलीसारखी हसत होती. "हळू! अहो, हळू! पाडता काय मले?" मी कठड्याशी उभा राहून पाहत होतो. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला एवढं हसवलं असेन असं मला वाटत नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात ती गेली. उद्यानाला सोमवारची सुट्टी होती. सकाळी अंगणात पापड वाळत घालताना ती खाली बसली आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आमची एकुलती एक मुलगी, माधुरी, आसामात. जावई फौजेत. फोनवर ती एकच वाक्य बोलत होती, "बाबा, मी आल्याशिवाय आईले नेऊ नका." ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचणार होती. आणि ऊन असं की भिंतीला हात लाववत नव्हता. गावात शव गार ठेवायची पेटी एकच, ती त्या दिवशी दुसऱ्या घरी गेलेली. लग्नसराई असल्यामुळे बर्फाच्या गाड्या आधीच बोललेल्या. जाणती माणसं मला बाजूला घेऊन समजावू लागली.

"पोरीचं मन कळते, पण मातीचे हाल करता काय? संध्याकाळच्या आत उरका."

रज्जाकभाई फाटकाशी सायकल धरून उभे होते. त्यांनी हे ऐकलं, सायकल वळवली आणि निघून गेले. मला वाईट वाटलं. निदान भेटून जायचं होतं.

दुपार कलायच्या आत एक मालवाहू ऑटो दारात थांबला. वर गोणपाट, त्यावर भुसा. रज्जाकभाई खाली उतरले. स्वेटर, मफलर, टोपी, सगळं होतं.

"पाहुणा आणला, भाऊ. वहिनी म्हणत होत्या ना, घरी आणा म्हणून."

मी गोणपाट उचलला. बर्फाचे चपटे, वेडेवाकडे तुकडे. दुधासारखे पांढरे. आणि वरच्या अंगाला बारीक, लांब, वळणदार रेघा. पोरांच्या बुटांच्या पात्यांचे ओरखडे होते ते.

"रज्जाकभाई, हा तर आपला..."

"यवतमाळचा आहे," ते मोठ्याने म्हणाले. मग जवळ येऊन हळूच बोलले, "सबलीनं फोडला. बाकीचा वितळाले सोडून दिला, मशीन बंद केली. मधात खड्डा दिसला असता तं लोकायनं विचारलं असतं. मयताचा बरफ म्हटल्यावर उद्यापासून कोणी पोरं आणन का तिथं? तुमी काही बोलू नका."

"कायले केलं हे तुमी?"

"तुमच्यात थांबता येते ना? मंग थांबा."

या वाक्यात काही वेगळं होतं, पण तेव्हा माझं लक्ष कुठे होतं. माधुरी पोचेपर्यंत ते अंगणातून हलले नाहीत. तुकडे झिजले की दुसरे लावत, पाणी काढत, ओला भुसा लोटून कोरडा टाकत. नात्यातल्या बायका एकमेकींना म्हणत होत्या, "हा कोण टोपीवाला? घरच्यासारखा राबून राह्यला." माधुरी आली. आईच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ बसली. मग आम्ही सुमनला नेलं.

तिसऱ्या दिवशी मालक भेटायला आले. मी अंगणात सतरंजीवर बसलो होतो. समाचाराची चार वाक्यं झाली आणि त्यांचा आवाज बदलला. रज्जाकभाई त्यांच्या मागे फाटकाशी उभे होते.

"तुमच्यावर असा प्रसंग, आणि तिकडं यानं वाट लावली. सगळा बर्फ पाणी झाला. झोपला होता म्हणे ड्युटीवर. काय रे, बरोबर ना?"

"हो साहेब. डोळा लागला. मशीन बंद पडली, समजलंच नाही."

"मग आता घरी जाऊन झोप."

मालकांच्या पायाशी कोपऱ्यात लोटलेला भुसा होता, अजून ओलसर. त्यांचा बूट त्यावर होता. त्यांना आत नेऊन दोन वाक्यं सांगितली असती तर गावाला कळलंही नसतं आणि माणसाची नोकरीही राहिली असती. मी त्या भुशाकडे पाहत बसलो. रज्जाकभाईंनीच गप्प राहायला सांगितलं होतं, असं मी नंतर कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं. खरं कारण साधं आहे. मालकांचा बर्फ माझ्या घरी आला होता आणि मला माझ्या खुर्चीची भीती वाटली.

मालक गेले. रज्जाकभाईंनी मला दुरून सलाम केला आणि सायकल वळवली. मी त्या सलामाला उत्तरसुद्धा दिलं नाही.

बर्फ पुन्हा केला गेला, दुसरा माणूस आला, आणि काही वर्षांनी धंदा बसल्यावर ते मैदानही बंद झालं. आज तिथे सिमेंटच्या पाइपांचं गोदाम आहे. मागे राहिली ती एक म्हण. आमच्या गावात कामावर कोणी पेंगला की म्हणतात, "रज्जाक झाला." दुकानात म्हणतात, बँकेत म्हणतात. ज्यांनी रज्जाकभाईंना पाहिलंही नाही, ती पोरंही म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चारचौघांत हसलो होतो. न हसणं अवघड गेलं असतं.

यंदा डिसेंबरात माधुरी माहेरी आली. सकाळी ओसरीवर पेपर वाचता वाचता माझी मान कलली. तिने खांदा हलवला आणि हसत म्हणाली, "काय बाबा, रज्जाक झाले काय?"

दुसरं कोणीही म्हणालं असतं तर चाललं असतं.

मी पेपर घडी करून ठेवला आणि तिला खाली बसवून सगळं सांगितलं. संपल्यावर इतकंच म्हणाली, "ते कुठं असतात आता?"

रज्जाकभाई घाटंजीला भाच्याच्या पंक्चरच्या दुकानात असतात. लग्न त्यांनी केलं नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा थंडी कडाक्याची होती. लोक टायर जाळून शेकत होते. ते दुकानाच्या पायरीवर बसून पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होते. तीच टोपी, विटलेली. मी समोर उभा राहिलो तर आधी माझ्या सावलीवर रागावले, "बाजूले व्हा ना, बुडबुडा दिसून नाही राह्यला." मग वर पाहिलं. "अरे! भाऊ? लय बुढे झाले तुमी."

मी पायरीवर बसलो. म्हटलं, "रज्जाकभाई, माह्यानं चुकलं. त्या दिवशी मी बोलाले पाह्यजे होतं. आता सगळं लिहून काढतो, लोकायले समजू द्या."

"कायले? पाहुण्याचं नाव खराब होईन."

"ते मैदानच राह्यलं नाही आता."

"नसलं म्हणून काय झालं? ज्या पोरायनं तिथं मस्ती केली, त्यायले कसं वाटन?" त्यांनी ट्यूब फिरवली. "मले झोपाळू म्हणतात तं म्हणू द्या. झोपणं काही गुन्हा नाही."

"आता हसतात ते तुमाले हसतात, रज्जाकभाई. माह्या घरातसुद्धा."

त्यांनी ट्यूब घमेल्यात सोडून दिली. मग त्यांचं लक्ष माधुरीकडे गेलं. ती मागे उभी होती. त्यांनी हात फडक्याला पुसले.

"तूच ना ती? आसामवाली?"

"हो, चाचा."

"एक विचारू काय, बेटा? त्या दिवशी गर्दी होती, विचारता नाही आलं." ते ट्यूबकडे पाहत बोलत होते. "आईचा चेहरा नीट पाह्यलास ना? म्हणजे... होता ना तसाच?"

माधुरी त्यांच्याजवळ पायरीवर टेकली. "तसाच होता. जशीच्या तशी होती आई. कपाळ तेवढं गार लागलं."

"गार लागनच," ते पुटपुटले. "चांगला बरफ होता तो." बराच वेळ ते घमेल्यातलं पाणी हलवत राहिले. "आमच्यात कोणासाठी थांबत नाही, बेटा. माही अम्मा गेली तवा मी वणीच्या कारखान्यात होतो. गॅसचा पाइप फुटलेला, सोडून निघता येईना. इथं आलो तं कबरस्तानातून लोक हात झटकत परत येऊन राह्यलते. बरफाच्या कारखान्यात माणूस मी. गावोगावच्या मयताले लाद्या माह्या हातून गेल्या."

भाच्याने चहा आणला. रज्जाकभाईंनी कप घेतला, खाली ठेवला आणि मग दोन्ही हातांनी ती माकडटोपी डोक्यावरून ओढून काढली. डोक्यावर पांढरे, दाट, कापसासारखे केस होते. त्या टोपीने त्यांनी तोंड पुसलं, डोळे पुसले, पुन्हा तोंड पुसलं.

समोर टायरभोवती शेकणारी माणसं आमच्याकडे पाहत होती.

"लय गरमी आहे आज," रज्जाकभाई म्हणाले.