खुर्ची उचलणाऱ्यांचे वारस

शहरातल्या प्रत्येक कुटुंबाचा इतिहासाशी काय संबंध आहे, हे एकतीस तारखेच्या आत पालिकेला लेखी कळवायचं होतं. ज्यांचा संबंध नसेल, त्यांनी तो का नाही याचा खुलासा जोडायचा होता. नोटीस पालिकेच्या बाजाराच्या दारावर चिकटवलेली होती आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की गाळ्यांचं नूतनीकरण यापुढे संबंध पाहूनच होईल.

या बाजारात एकोणीस नंबरचा गाळा आमचा. गाळा सासूबाईंच्या नावावर, शिलाई मशीन माझं. नवरा गेल्यापासून आम्हा दोघींचं घर त्या मशीनवर चालतं. शर्टाच्या कॉलरी उलटवणं, पँटची चेन बदलणं, पडद्यांना पट्टी लावणं, असं काम. त्यात इतिहासाचा प्रश्न कधी आला नव्हता.

आमच्याकडे इतिहास म्हणजे खुर्चीचा उठाव. शंभर वर्षांपूर्वीचा इथला कारभारी लोकांना दाखल्यांसाठी चार-चार दिवस उन्हात उभं करायचा आणि स्वतः व्हरांड्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचा. एके दुपारी रांगेतल्या काही जणांनी त्याला खुर्चीसकट उचललं आणि भर चौकात, उन्हात नेऊन ठेवलं. कोणी मारलं नाही, साधी शिवी दिली नाही. त्यानंतर दाखले एका दिवसात मिळू लागले, असं शाळेच्या पुस्तकात आहे. दाखल्याला अजूनही चार दिवस लागतात, ही बाब अभ्यासक्रमाबाहेरची आहे.

उठावाला शंभर वर्षं झाल्याने उचलणाऱ्यांच्या वारसांचा यथोचित सन्मान करण्याचं पालिकेच्या मनात आलं. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र आणि घटना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या लागत होत्या. असे साक्षीदार आता कुठून आणायचे, या काळजीत आम्ही होतो. पण पालिकेच्या फाटकाबाहेर बाकावर दोघं जण बसलेले असत, त्यांनी सगळं पाहिलेलं होतं. एकाचं वय चाळीस, दुसरा त्याचा मेहुणा.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या गाळ्यातला घड्याळवाला प्रमाणपत्र घेऊन आला.

"वहिनी, आमच्या आजोबांनी खुर्चीचा डावा हात धरला होता."

"तुमचे आजोबा दुसऱ्या गावचे ना हो?"

"दुसऱ्याच गावचे. धरायला आले होते."

समोरचा छत्रीवाला तर पणजीपर्यंत पोचला. "सातवा महिना चालू होता, ताई. तशा अवस्थेत तिने एका हाताने खुर्ची उचलली."

"आणि दुसऱ्या हाताने?"

"दुसऱ्या हातात छत्री होती."

"म्हणजे कारभाऱ्याला उन्हात नेताना त्याच्यावर छत्री धरली होती का तिने?"

"ताई, तुम्ही आमच्या इतिहासाची टिंगल करताय," तो म्हणाला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मीही अर्ज आणला. सासूबाई पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. वय चौऱ्याऐंशी. गुडघे गेलेत, पण डोकं आणि जीभ दोन्ही शाबूत.

"आई, इथे सही करा. तुमच्या सासऱ्यांनी खुर्चीचा मागचा उजवा पाय उचलला, असं लिहिलंय मी. तो पाय अजून कोणी घेतलेला नाही."

"त्यांनी नाही उचलला."

"मला माहितेय, आई."

"मग लिहिलंस कशाला? मामंजींनी स्वतः सांगितलंय मला. चौकात आरडाओरडा झाला, तेव्हा ते जेवत होते. ते उठले, त्यांनी खिडकी लावून घेतली, परत पाटावर बसले आणि जेवण पुरं केलं."

"कशाला लावली खिडकी?"

"धूळ येत होती म्हणे. आणि मरेपर्यंत तोंड पाडून सांगायचे ते. दहा पावलांवर होतो, सूनबाई, आणि मी खिडकी लावली. अशा माणसाच्या नावाने मी खोटी सही करू? त्याने आयुष्यात एकच गोष्ट खरी सांगितली, तीसुद्धा काढून घेऊ त्याच्याकडून?"

त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं, त्यांनी सही केली, आणि मी तो कागद पालिकेत नेला.

ऐतिहासिक संबंध कक्ष म्हणजे पूर्वीचा जन्ममृत्यू विभाग. टेबलं तीच, कारकूनही तोच. त्याने माझा अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"बाई, भूमिका या रकान्यात तुम्ही 'खिडकी लावून घेणे' असं भरलंय. यादीत हा प्रकार नाही. यादीत उचलणारा, आधार देणारा, वाट करून देणारा आणि घोषणा देणारा, एवढेच आहेत."

"बघणारा नाही?"

"बघणारा कोणीच नव्हता. आजवर एकही अर्ज आलेला नाही."

"रस्ता भरलेला होता म्हणतात."

"होता ना. सगळे उचलत होते." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "कशाला खऱ्याच्या मागे लागताय? बाहेर बाकावर दोघं बसलेत, पाच मिनिटांचं काम आहे."

"सासूबाई सही करणार नाहीत."

त्याने उसासा टाकला आणि कागदावर शिक्का मारला. इतिहासाशी असंबद्ध कुटुंब, तूर्तास. सगळ्या शहरात असा शिक्का आमच्या एकाच घराला मिळाला. असंबद्धांचे गाळे मुदतीनंतर काढून घेण्यात येतील, असं मागे बारीक अक्षरांत छापलेलं होतं.

मुदत संपली तेव्हा उचलणाऱ्यांची संख्या तेराशे बारा भरली. इथून पुढे पालिकेला झोप लागेना. कारण ती खुर्ची अजून होती, संग्रहालयात काचेमागे. साधी लाकडी, चार पाय, दोन हात, बसायला वेत. एका शाळेच्या सहलीतल्या मुलीने बाईंना विचारलं की हिला तेराशे माणसं कुठे कुठे धरत होती. बाईंनी तिला गप्प बसवलं, पण प्रश्न लेखी स्वरूपात वरपर्यंत गेला.

पालिकेच्या अभियंत्यांनी खुर्चीची मापं घेऊन अहवाल दिला, की सदर खुर्चीला एका वेळी जास्तीत जास्त नऊ जण हात लावू शकतात, आणि तेही पातळ असल्यास. सभेत फार गंभीर चर्चा झाली. तेराशे बारा प्रमाणपत्रांवर सक्षम अधिकाऱ्याची सही होती, खुर्चीवर कोणाचीच नव्हती. तेव्हा चूक खुर्चीची आहे, असं एकमताने ठरलं. तिच्यावर 'अप्रमाणित' अशी चिठ्ठी लावून ती गोदामात टाकली आणि मूळ आकाराची खुर्ची नव्याने बांधायचा ठराव झाला.

मूळ आकार अभियंत्यांनी गणिताने काढला. माणशी अर्धा मीटर जागा, माणसं तेराशे बारा, म्हणजे घेर सहाशे छप्पन्न मीटर, एकेक बाजू एकशे चौसष्ट. पाठ त्या प्रमाणात ठेवली तर ढगांना टेकत होती, म्हणून पाठ उठावातच मोडली असा जोडठराव मंजूर झाला. लगेच दुसऱ्या दिवशी पाठ मोडणाऱ्यांचे दोनशे अर्ज आले. एवढ्या मोठ्या खुर्चीत कारभारी किती मोठा दाखवायचा, असं शिल्पकाराने विचारलं. तो नेहमीच्या मापाचाच होता आणि पदाच्या मानाने लहान होता, असं त्याला कळवण्यात आलं.

शहरात एकशे चौसष्ट मीटर लांब आणि तितकीच रुंद मोकळी जागा कुठेच नव्हती. गाळे पाडले तर आमच्या बाजाराची मात्र बरोबर तेवढी होत होती.

पाडकामाची नोटीस लागली त्या दिवशी घड्याळवाला माझ्या गाळ्याच्या पायरीवर येऊन बसला. चेहरा उतरलेला होता.

"वहिनी, हे काय झालं हो? आमच्याच आजोबांसाठी आमचेच गाळे?"

"आजोबांना म्हणावं, जरा आखडून धरा. थोडी जागा सुटेल."

"चेष्टा सुचतेय तुम्हाला."

"मला सगळंच सुचतंय. तुम्हाला पर्यायी गाळा तरी मिळणार आहे."

तेही खरंच होतं. खुर्ची एवढी मोठी म्हटल्यावर तिच्याखाली जागा होणारच होती. तिथे नवे गाळे निघणार होते. ते फक्त संबंध असलेल्यांना मिळायचे होते. पुढचे कोणाला आणि मागच्या अंधारातले कोणाला, हे पाडकामाच्या दिवशी पालिकेचे साहेब जागेवरच ठरवणार होते.

त्या दिवशी सकाळपासून सगळे जमले. यंत्रं आली, मजूर आले, पालिकेचा फोटोग्राफर आला. उठावाच्या वारसांनी तेराशे बारा छात्यांवर बिल्ले लावले होते. मी मशीन पोत्यात गुंडाळून हातगाडीवर चढवलं, कात्री आणि टेप पिशवीत टाकली, आणि आता घरी जाऊन आईंना काय सांगायचं याचा विचार करत उभी राहिले. बाजाराच्या मधोमध साहेब प्लास्टिकच्या खुर्चीत यादी घेऊन बसले होते.

अकराच्या सुमाराला ऊन त्यांच्यावर आलं.

साहेबांनी वर बघितलं, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "जरा सावलीत घ्या रे."

साहेब उठले असते. उठायला त्यांना काहीच कमीपणा वाटत नव्हता. पण मांडीवर यादीचे सुटे कागद पसरलेले होते आणि वारा होता.

मग घड्याळवाला पुढे झाला आणि त्याने खुर्चीचा डावा हात धरला. छत्रीवाल्याने उजवा धरला. मागून कुलूपवाला धावला. मागचा उजवा पाय रिकामा राहिला आणि खुर्ची तिरपी झाली.

"अहो, कोणीतरी या ना," साहेब कागद दाबून धरत म्हणाले. त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "तुम्ही एकोणीस नंबर ना? तुमचंच ते असंबद्धचं प्रकरण पडलंय माझ्याकडे."

मला वाटतं मी विचार केला. निदान आता आठवताना तरी मी त्यात विचार घालते. पिशवी खाली ठेवली एवढं पक्कं आठवतं.

साहेबांना आम्ही गोदामाच्या भिंतीपर्यंत नेलं. मोजून बावीस पावलं. वाटेत छत्रीवाल्याने एका हाताने छत्री उघडायचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही. बाकीच्यांनी आदराने वाट करून दिली. सावलीत टेकवल्यावर साहेब म्हणाले, "हां, आता कसं." आणि यादी वाचायला लागले.

तीन दिवसांनी कक्षातून बोलावणं आलं. कारकुनाच्या टेबलावर फोटो होता. खुर्ची, खुर्चीत अधिकारी, उचलणारे चौघं, भोवती जमाव.

"बाई, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" तो मनापासून आनंदला होता. "इतके अर्ज आले, पण पुरावा म्हणून छायाचित्र कोणालाच देता आलं नाही. यात तर तुमचा चेहरासुद्धा स्पष्ट आहे."

"हा मंगळवारचा आहे."

"अर्जात वार विचारलेला नाही." त्याने असंबद्धवर काट मारली आणि वर लिहिलं, उचलणारी, प्रत्यक्ष.

गाळा मिळाला. अगदी पुढचा, खुर्चीच्या पुढच्या पायाला लागून. आता तिथेच बसते. उजेड थोडा कमी आहे, पण गिऱ्हाईक वाढलं आहे, कारण लोक खुर्ची बघायला येतात आणि कोणाची ना कोणाची चेन नादुरुस्त असतेच.

फोटोची एक प्रत मी घरी नेली. लपवणार होते, पण आईंनी पिशवी बघितली. त्यांनी तो उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला.

"जड होता का गं?"

"नाही, आई. चौघं होतो."

त्यांनी फोटो मला परत दिला आणि माझे हात आपल्या हातात घेऊन बराच वेळ चोळत बसल्या, जणू मी खरंच काही जड उचलून आले होते.

संग्रहालयातल्या रिकाम्या काचेमागे आता तोच फोटो लावला आहे. खाली लिहिलंय, खुर्चीचा उठाव, एकमेव उपलब्ध छायाचित्र. आम्हा चौघांची नावं घातली आहेत. मागे गर्दी दिसते, हात मागे बांधून शांतपणे बघणारी. त्यांची ओळख पटवायचं काम सध्या चालू आहे, आणि नागरिकांनी येऊन आपापला चेहरा दाखवून द्यावा, असं पालिकेचं आवाहन आहे. तुम्हीही सवडीने एकदा येऊन जा. दुसऱ्या ओळीत, भिंतीच्या सावलीत उभं असलेलं माणूस कोण, यावरून आमच्यात वाद आहे. मी मात्र बघताक्षणी ओळखलं तुम्हाला.