डाव्या अंगाला कललेली गाडी

फोल्कमार ड्र्योगरने गाडीचं सस्पेन्शन बदलायचं ठरवलं, ते केवळ बायकोच्या कंबरेसाठी. (निदान बायकोला त्याने तसं सांगितलं. गाडी तीन सेंटिमीटर खाली बसेल आणि वळणावर रस्त्याला घोरपडीसारखी चिकटेल, हे सांगायचं राहून गेलं.)

जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरात, शर्यतीच्या रस्त्यापासून दोन गावं अलीकडे राहणाऱ्या माणसाकडे स्पोर्ट्स कार असणं यात नवल काहीच नाही. तिथे चर्चमधले पाद्रीबाबासुद्धा वळण कुठे कापावं यावर मत देतात. फोल्कमारची गाडी दोन आसनांची, चंदेरी आणि बारा वर्षांची होती. तिच्या स्प्रिंगा थकल्या होत्या, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा गुड्रुनच्या मणक्यांची स्वतंत्र चौकशी करून जात असे.

शेवटी गुड्रुनने तहाच्या अटी मांडल्या. "बदल तुला काय बदलायचं ते. दोन आठवड्यांनी, रविवारी, कोब्लेन्झला माझ्या बहिणीच्या, इर्मट्राउटच्या वाढदिवसाला जायचंय. तिच्या दारात मी न कण्हता उतरले, तर गाडी राहील. कण्हले, तर ती विकायची आणि कॅरॅव्हॅन घ्यायची."

कॅरॅव्हॅन! फोल्कमारच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. आपण पडदे लावलेली पांढरी खोली ओढत घाट चढतोय, मागे साऱ्या गावाच्या गाड्या खोळंबल्या आहेत आणि पाद्रीबाबा भोंगा वाजवताहेत. त्याच संध्याकाळी त्याने नव्या स्प्रिंगा आणि शॉकअप मागवले.

ते बसवायला हेन्नेस क्रिंग्ज होता. सत्तरी गाठलेला, कमी बोलणारा आणि पंचक्रोशीत गाडीचा तोल त्याच्याइतका कुणी साधू शकत नाही अशी ख्याती असलेला. त्याची पद्धत अशी, की चार चाकांखाली चार काटे ठेवायचे, चालवणाऱ्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या त्याच्या आसनावर रचायच्या, आणि मग एकेक स्प्रिंग पिळत गाडी समतोल करायची.

"वजन सांगा, हेर ड्र्योगर."

"गाडीचं?"

"गाडीचं काटा सांगेल. तुमचं सांगा."

"अठ्ठ्याहत्तर किलो," फोल्कमार म्हणाला. छातीठोकपणे.

दाराशी उभ्या असलेल्या गुड्रुनने तोंड उघडलं, आणि मिटलं.

आता फोल्कमार खोटारडा होता असं कुणी समजू नये. तो जिल्ह्याच्या भूमापन कार्यालयात मोजणीदार होता. सव्वीस वर्षांत त्याची एक हद्द चुकली नव्हती. आणि त्या कार्यालयाचा नियम असा, की फेरमोजणी होत नाही तोवर शेवटची प्रमाणित मोजणी ग्राह्य. फोल्कमारची शेवटची प्रमाणित मोजणी लष्कराच्या वैद्यकीय तपासणीत झाली होती. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आता चोपन्न. मधल्या काळात बरंच बांधकाम झालं होतं, पण त्याची नोंद कुठे झाली नव्हती.

तीन दिवसांनी गाडी तयार झाली. सरकारमान्य तपासनीस आला. माणूस इतका किडकिडीत, की दार न उघडताही आत शिरला असता. तो गाडी चालवून आला, "छान आहे" म्हणाला आणि कागदावर शिक्का मारून गेला.

मग फोल्कमार आत, डावीकडच्या चालकाच्या आसनावर बसला. गावाबाहेरच्या पहिल्याच उजव्या वळणावर डावं पुढचं टायर वरच्या कमानीला घासत म्हणालं, घर्रर्र.

घरी येऊन त्याने टेप काढली. चारी चाकांच्या कमानींची उंची मोजली. मिलिमीटरचाही फरक नाही! पुन्हा बसला, गल्लीच्या टोकाला वळला. घर्रर्र. उतरला, मोजली. फरक नाही. असं त्याने सात वेळा केलं.

पलीकडच्या कुंपणावरून शेजारीण फ्राऊ एशवाइलर पाहत होत्या. "हेर ड्र्योगर, तुम्ही बसलात की ती डावीकडे झुकते हो."

"बाई, मोजलंय मी. आठ वेळा." (सात वेळा. पण स्वतःच्या बाबतीत तो आकडे असेच सांगत असे.)

"मी नुसतं बघून सांगतेय."

"नुसतं बघून जमिनी मोजल्या असत्या तर मला पगार कशाला दिला असता?"

आणि त्याने क्रिंग्जला रजिस्टर पत्र लिहिलं. चार मुद्दे, एक आकृती, सात मोजण्यांचा तक्ता.

शनिवारी साडेबाराला नवरा-बायको गॅरेजवर पोचले. क्रिंग्जच्या हातात पत्र होतं. टायर बदलायला आलेले दोघे गावकरी आपलं काम झालं असूनही तिथेच उभे होते.

"मुद्दा क्रमांक तीन," क्रिंग्जने वाचलं. "'सदर दोष मी गाडीत असतानाच उद्भवतो. मी उतरताच तो नाहीसा होतो.' हे वाक्य तुम्हीच लिहिलंय ना?"

"मीच. विचारपूर्वक."

"पुन्हा एकदा विचार करून बघता?"

फोल्कमारने केला. काही सापडलं नाही.

क्रिंग्जने गाडी काट्यांवर चढवली. भिंतीवरच्या पाटीवर लाल आकडे उमटले. मग म्हणाला, "बसा." फोल्कमार बसला. आकडे पळाले, थबकले. क्रिंग्जने बेरीज केली, वजाबाकी केली, आणि उत्तर पत्राच्या पाठीवर लिहिलं. ते मोठ्याने वाचायचं काम एका गावकऱ्याने केलं.

"सत्त्याण्णव!"

"काटा बिघडलाय," फोल्कमार आतूनच म्हणाला.

"असेल. गुड्रुनताई, तुम्ही बसता का जरा? काटा तपासू."

फोल्कमार उतरल्यावर गुड्रुनने कोट काढून खुंटीला लावला आणि ती त्याच्या जागी बसली. आकडे जराही न अडखळता स्थिरावले. डावं-उजवं, पुढचं-मागचं, सगळं सारखं, जणू गाडी तिची मापं घेऊन शिवली होती.

"अठ्ठ्याहत्तर," क्रिंग्ज म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता.

फोल्कमारने बायकोला बाजूला घेतलं. "तुला माहीत होतं?"

"तुझे शर्ट मीच आणते, फोल्कमार."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"सांगताना तू इतका खूश दिसत होतास," ती म्हणाली. ते इतक्या मायेने म्हणाली, की त्याला रागावताही येईना.

"बरं," तो क्रिंग्जकडे वळला, "सत्त्याण्णव धरून पुन्हा जुळवा. उद्या कोब्लेन्झला जायचंय."

"अर्ध्या दिवसाचं काम आहे. एकला बंद करतो मी. आणि रविवारी आवाजाला बंदी, पाना वाजवला तर शेजारचे पोलिसांना बोलावतात, तुम्हाला ठाऊकच आहे."

"मग गुड्रुन चालवेल. मी शेजारी बसेन."

क्रिंग्जने त्याच्याकडे पाहिलं, उजव्या आसनाकडे पाहिलं, मग उजव्या टायरकडे. "मग डाव्या वळणावर घासेल," तो म्हणाला.

तात्पर्य एवढंच, की गाडी वाचवायची असेल, तर फोल्कमारने तिच्यात बसता कामा नये.

रविवारी सकाळी गुड्रुन एकटी निघाली. शेजारच्या आसनावर, पट्टा बांधून, आलुबुखाऱ्याचा केक होता. (केकचं वजन फोल्कमारने स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोनदा करून घेतलं होतं: दोन किलो शंभर ग्रॅम. क्रिंग्जने फोनवर परवानगी दिली.) फोल्कमारने फाटकातून पाहिलं. गाडी उजव्या वळणावर आवाज न करता वाकली आणि दिसेनाशी झाली. इतकी सुंदर ती त्याला कधी दिसलीच नव्हती. ती चालताना तो नेहमी आतच असायचा.

मग तो थांब्यावर गेला. रविवारची बस, तीही आदल्या दिवशी फोन करून मागवलेली, वाटेत एकदा बदलायची. पावणेतीन तासांनी तो इर्मट्राउटच्या दारात पोचला, तेव्हा कॉफीचा दुसरा पॉट संपत आला होता आणि त्याच्या वाट्याला केकची एक कड उरली होती.

"कण्हलीस?" त्याने दारातूनच विचारलं.

गुड्रुनचे गाल लाल झाले होते. केस विस्कटले होते. पंचवीस वर्षांपूर्वी ती अशी दिसायची.

"कण्हू कशाला? लोणी रे, नुसतं लोणी! घाटातली सतरा वळणं, आणि एकदा कुठे घासली असेल तर शपथ. कॅरॅव्हॅनचं नाव काढू नकोस. गाडी राहणार."

फोल्कमार मटकन खुर्चीत बसला. त्याचे डोळे भरून आले. "उद्याच क्रिंग्जकडे नेतो," तो म्हणाला. "सत्त्याण्णववर जुळवून घेतो."

"हात लावायचा नाही तिला," गुड्रुन म्हणाली. "आता कुठे नीट बसलीय." आणि पर्समधून घडी केलेला कागद काढून तिने त्याच्या बशीशेजारी ठेवला. "तुझी परतीची बस पाच चाळीसची आहे. फोन करून ठेवलाय मी."